कलम चारचा धनी

१९९५ साली लँडलाइन सेवेसाठी खासगी कंपन्यांच्या निविदांचे लिफाफे उघडले, तेव्हा दिल्लीच्या संचार भवनात एकेका आकड्यावरची शून्यं पुन्हा मोजली गेली असतील. हिमाचल फ्युचरिस्टिक कम्युनिकेशन्स या तुलनेनं लहान कंपनीनं नऊ सर्कलांत, म्हणजे परवान्याच्या नऊ प्रदेशांत, सर्वांत मोठी बोली लावली होती. पंधरा वर्षांत मिळून ती सरकारला जवळपास ८५,००० कोटी रुपये देणार होती. वर्षभरापूर्वीच्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात सरकारनं म्हटलं होतं की, देशभर फोन पोहोचवायचे तर २३,००० कोटी कमी पडतात, म्हणून खासगी भांडवलाला दार उघडावं लागतंय. देशाची अख्खी तूट २३,००० कोटींची, आणि एकटी कंपनी तिच्या साडेतीनपटीहून जास्त पैसे नुसत्या परवान्यासाठी मोजायला निघालेली. हे पैसे फोनच्या बिलातूनच यायचे होते, हे गणित तेव्हा फार थोड्यांनी मांडलं.

लिफाफे उघडल्यावर मग नियम आला: मोठ्या सर्कलांपैकी तीनपेक्षा जास्त एका कंपनीला मिळणार नाहीत. म्हणजे आपल्याच बोलीच्या ओझ्याखालून ती कंपनी अलगद सुटली. दूरसंचार मंत्री सुखराम हिमाचलचे, कंपनीचा कारखानाही हिमाचलात सोलनला. डिसेंबरच्या अधिवेशनात संसद दिवसेंदिवस ठप्प झाली. पुढे ऑगस्ट १९९६ मध्ये सीबीआयनं सुखराम यांच्या घरांवर छापे घातले आणि साडेतीन कोटींहून जास्त रोकड हाती लागली. ते प्रकरण बेहिशेबी मालमत्तेचं होतं. सर्वसामान्यांच्या लेखी मात्र टेलिकॉमचं उदारीकरण म्हणजे नोटांनी भरलेल्या त्या बॅगा, हे समीकरण तिथेच पक्कं झालं.

मला सुखराम यांच्यापेक्षा ती बोली महत्त्वाची वाटते. सरकार नेमकं विकत काय होतं? तारा नव्हे, एक्स्चेंज नव्हे, त्या लिलावात रेडिओलहरीसुद्धा नव्हत्या. विकत होतं ते इंग्रजांच्या काळचं एक वाक्य. १८८५ च्या भारतीय तार कायद्याचं चौथं कलम सांगतं की, तारयंत्रणा उभारण्याचा आणि चालवण्याचा अनन्य अधिकार सरकारचा. त्याला जोडलेल्या परंतुकानुसार सरकार कोणालाही, योग्य वाटतील त्या अटींवर आणि योग्य वाटेल तो मोबदला घेऊन, परवाना देऊ शकतं. भारतातल्या दूरसंचार उदारीकरणाची सारी इमारत या परंतुकावर उभी आहे. नवा कायदा करून सरकारनं आपला हक्क सोडला, असं १९९४ मध्ये झालंच नाही. त्या वर्षीचं धोरण हा एक सरकारी ठराव होता. मक्तेदारी मोडण्यासाठी वापरलं ते मक्तेदारीचंच कलम. दिल्ली सायन्स फोरमनं खासगीकरणाला आव्हान दिलं तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये याच परंतुकावर बोट ठेवून सरकारला मोकळीक दिली.

मुंबईला तर खासगी फोन नवा नव्हताच. १८८२ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथली पहिली एक्स्चेंज खासगी कंपनीनंच काढली. बॉम्बे टेलिफोन कंपनी सरकारनं ताब्यात घेतली ती १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात. नंतरची चार दशकं फोन ही चैन मानली गेली आणि नियोजनात त्याला मागची रांग मिळाली. अर्ज करून वर्षानुवर्षं वाट पाहायची, नाहीतर ‘ओन युवर टेलिफोन’ योजनेत आगाऊ पैसे भरून रांग थोडी तोडायची. १९८४ मध्ये सॅम पित्रोदांच्या पुढाकारानं सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था आली, १९८६ मध्ये दिल्ली-मुंबईसाठी एमटीएनएल निघाली आणि नाक्यानाक्यावर पिवळे एसटीडी बूथ दिसू लागले. त्या बूथांनी घरात फोन नसलेल्या माणसालाही फोन दिला. माझ्या मते उदारीकरणाचा पहिला खरा अध्याय हाच, आणि तो सरकारी यंत्रणेनंच लिहिला. तरीही १९९४ च्या धोरणातली कबुली बोलकी होती: शंभर माणसांमागे ०.८ फोन, ८० लाख लाइन्स, २५ लाखांची प्रतीक्षायादी.

मोबाइलची सुरुवात चार महानगरांपासून झाली. १९९२ मध्ये निविदा निघाल्या, टाटा सेल्युलरसह काही कंपन्या कोर्टात गेल्या, आणि १९९४ च्या निकालानंतर परवाने मिळाले. मुंबईत बीपीएल मोबाइल आणि हचिसन मॅक्स अशा दोनच कंपन्या. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून सुखराम यांना पहिला कॉल लावला. गर्दीच्या वेळी मिनिटाला १६ रुपये ८० पैसे ही दराची कमाल मर्यादा परवान्यातच घातलेली होती, आणि आलेल्या फोनचेही पैसे भरावे लागत. ‘मिस्ड कॉल’ नावाची आपली अस्सल देशी संस्था या दरपत्रकातून जन्मली.

नकाशाही मोठा मजेचा. मोबाइलच्या लेखी ‘महाराष्ट्र’ सर्कलमध्ये गोवा आहे आणि मुंबई नाही. मुंबई वेगळी, तिचा परवाना वेगळा, तिची कंपनीही वेगळी असू शकते. त्यामुळे मुंबईचा फोन पुण्यात पोहोचला की परका व्हायचा आणि रोमिंगचा मीटर सुरू व्हायचा. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यानं जी शहरं एका राज्यात ठेवली, ती परवान्यांच्या नकाशात वेगळी पडली. लँडलाइनचा महाराष्ट्राचा खासगी परवाना ह्यूजेस इस्पात कंपनीकडे गेला. तोच धंदा २००२ मध्ये टाटांनी विकत घेतला. महाराष्ट्र सर्कलातल्या मोबाइलच्या परवानेधारकांत बिर्ला समूहाची कंपनी होती. पुढे तिचीच आयडिया झाली. मुंबईतली हचिसन मॅक्स आधी मॅक्स टच, मग ऑरेंज, मग हच, आणि २००७ मध्ये व्होडाफोन. आयडिया आणि व्होडाफोन, ही दोन नावं लक्षात असू द्यावीत.

आता नियामकाकडे. शहाणपणाचा क्रम असा की आधी पंच नेमावा, मग खेळाडू उतरवावेत. आपण उलटं केलं. परवाने १९९४-९५ मध्ये वाटले आणि भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, स्थापन झालं १९९७ मध्ये. पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती एस. एस. सोधी. लँडलाइनवरून मोबाइलला फोन करण्याचा दर दूरसंचार विभागानं वाढवला होता, तो ट्रायनं रद्द केला. एमटीएनएल मोबाइल सेवेत उतरायला निघाली, तिलाही ट्रायनं अडवलं. विभाग स्वतः सेवा देत होता, परवानेही तोच देत होता, आणि आता तिसरा कोणीतरी त्याला नियम सांगत होता. दिल्ली उच्च न्यायालयानं १९९८ मध्ये विभागाच्या बाजूनं कौल दिला: परवाना देणारं सरकार ट्रायच्या शिफारशींना बांधील नाही. मोबाइलवर आलेला फोन फुकट करण्याचा ट्रायचा प्रयत्नही कोर्टात टिकला नाही. जानेवारी २००० मध्ये वटहुकूम निघाला, ट्रायची पुनर्रचना झाली, सोधी आणि त्यांचे सहकारी घरी गेले, आणि तंटे सोडवण्याचं काम टीडीसॅट या नव्या न्यायाधिकरणाकडे गेलं. नियामक स्वतंत्र असावा हे सगळ्यांनाच मान्य होतं, फक्त तो स्वतंत्रपणे वागू लागला तेव्हा अडचण झाली.

तोवर बोलीची शून्यं वाजू लागली होती. ग्राहक अंदाजापेक्षा कितीतरी कमी, परवाना शुल्काचे हप्ते मात्र ठरलेले. कंपन्या थकल्या. जगमोहन हे दूरसंचार मंत्री असताना त्यांचा आग्रह होता की करार केलाय, तर पैसे भरा. जून १९९९ मध्ये त्यांचं खातं बदललं आणि दूरसंचार पंतप्रधान वाजपेयींकडे आलं. एका मतानं पडलेल्या काळजीवाहू सरकारनं जुलैमध्ये सवलतीचा प्रस्ताव दिला: १ ऑगस्ट १९९९ पासून ठरीव शुल्काऐवजी उत्पन्नातला हिस्सा द्या, बदल्यात जुनी थकबाकी चुकवा, कोर्टातले दावे मागे घ्या आणि दोनच कंपन्यांच्या मक्त्यावरचा हक्क सोडा. नैतिकतेच्या कसोटीवर जगमोहन यांचं म्हणणं खोडता येत नाही. चढी बोली लावून परवाना घ्यायचा आणि नंतर दर कमी करून मागायचा, हा प्रामाणिक बोली लावून हरलेल्यांवर अन्यायच. पण आज भारतात मोबाइल स्वस्त आहे त्याचं श्रेयही याच अन्यायाला द्यावं लागतं. कमाईच्या प्रमाणात सरकारचा वाटा ठरल्यावर जास्त ग्राहक जोडणं कंपन्यांच्या फायद्याचं झालं.

सरकारला हक्क विकूनही मालकी सुटत नव्हती, याचा नमुना मुंबईतच दिसला. फेब्रुवारी २००२ मध्ये विदेश संचार निगम या सरकारी कंपनीचे २५ टक्के समभाग टाटांना १,४३९ कोटींना विकले. काही महिन्यांतच कंपनीच्या संचालक मंडळानं टाटा टेलिसर्व्हिसेसमध्ये १,२०० कोटी गुंतवायचं ठरवलं आणि दूरसंचार मंत्री प्रमोद महाजन जाहीरपणे संतापले. निर्गुंतवणूक मंत्री अरुण शौरी टाटांच्या बाजूनं. एकाच मंत्रिमंडळातले दोन मंत्री, एक विकणारा, दुसरा विकलेल्या मालाची चौकशी करणारा. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रिलायन्स इन्फोकॉमनं नवी मुंबईतून आपलं जाळं सुरू केलं. परवाना होता शहरापुरत्या मर्यादित फिरत्या सेवेचा, विक्री झाली पूर्ण मोबाइलसारखी. आधीपासूनच्या जीएसएम मोबाइल कंपन्या कोर्टात गेल्या. नोव्हेंबर २००३ मध्ये सरकारनं सगळे परवाने एकाच छत्राखाली आणले आणि रिलायन्सकडून दंडासह रक्कम घेऊन प्रकरण मिटवलं. आधी नियमाबाहेर जायचं, मग दंड भरायचा, मग नियमच आपल्यापर्यंत येतो, हा धडा उद्योगानं तेव्हा घेतला. ग्राहकाच्या पदरात मात्र त्या धुमश्चक्रीतून खरं काही पडलं. मे २००३ पासून आलेला फोन फुकट झाला.

टूजीबद्दल इतकं लिहिलं गेलंय की इथे थोडक्यातच. १० जानेवारी २००८ च्या दुपारी दूरसंचार विभागानं पत्रक काढून काही तासांत रकमा भरायला लावल्या, आणि काहींचे डिमांड ड्राफ्ट आधीच तयार होते. देशव्यापी परवान्याचा दर २००१ चाच, १,६५८ कोटी. दोन वर्षांनी थ्रीजीच्या लिलावात देशभराच्या लहरींना १६,७५१ कोटी आले. १.७६ लाख कोटींच्या संभाव्य तोट्याचा कॅगचा आकडा गाजला. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१२ मध्ये १२२ परवाने रद्द केले, तर विशेष न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये सर्व आरोपींना निर्दोष सोडलं. या दोन निकालांचा मेळ घालताना भले भले अडखळतात. परवान्यांची पद्धत मनमानी होती एवढं पहिल्या निकालाला पुरेसं होतं; दुसऱ्यात कट आणि लाच सिद्ध व्हायला हवी होती. त्यानंतर सरकार लिलावाला चिकटून बसलं, कारण लिलावात कोणी बोट दाखवत नाही. महागड्या लहरींचं कर्ज मात्र कंपन्यांच्या अंगावर चढत गेलं.

आणि मग १९९९ च्या त्या सवलतीचं बिल आलं. उत्पन्नातला हिस्सा द्यायचा, पण उत्पन्न म्हणजे काय? परवान्यातली व्याख्या अवाढव्य होती: हँडसेटची विक्री, व्याज, लाभांश, भाडं, सगळंच त्यात. कंपन्या म्हणत, आमच्या इमारतीच्या भाड्याचा टेलिकॉमशी काय संबंध? टीडीसॅट, सर्वोच्च न्यायालय, पुन्हा टीडीसॅट असा हा वाद फिरत राहिला. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की व्याख्या स्पष्ट आहे आणि तुम्ही ती सही करून स्वीकारली आहे. सरकारनं न्यायालयापुढे मांडलेली थकबाकी सुमारे ९२,६४० कोटींची. त्यात मूळ रक्कम फक्त २३,१८९ कोटी. बाकी व्याज, दंड आणि दंडावरचं व्याज. सावकारी पाशाची आपल्याकडची जुनी गोष्ट, फक्त इथे सावकार कल्याणकारी राज्य होतं. याच व्याख्येनं गॅस वाहून नेणाऱ्या गेल या सरकारी कंपनीकडेही १.७२ लाख कोटींची मागणी गेली. न्यायालयानंच खडसावल्यावर सार्वजनिक कंपन्यांवरच्या मागण्या बहुतांशी मागे घेतल्या गेल्या.

सगळ्यात मोठा तडाखा व्होडाफोन आयडियाला बसला. मुंबई सर्कलची हचिसन मॅक्स आणि महाराष्ट्र सर्कलची बिर्लांची कंपनी २०१८ मध्ये एक झाल्या होत्या, त्या इथे. २०१६ पासून जिओनं दर इतके खाली आणले होते की तीन खासगी कंपन्या उरल्या. ही तिसरी बुडाली तर दोनच उरणार. म्हणून २०२१ मध्ये सरकारनं हप्ते लांबवले, व्याख्या यापुढच्या काळासाठी सौम्य केली, आणि थकीत रकमेऐवजी समभाग घ्यायचा मार्ग काढला. २०२३ मध्ये १६,१३३ कोटींच्या बदल्यात सरकारला ३३ टक्के मिळाले. एप्रिल २०२५ मध्ये आणखी ३६,९५० कोटींचं रूपांतर होऊन हिस्सा ४८.९९ टक्क्यांवर गेला. सरकारी मक्तेदारी मोडायला आणलेली कंपनी परवाना शुल्काच्या वाटेनं जवळपास अर्धी सरकारी झाली. दुसरीकडे खऱ्याखुऱ्या सरकारी बीएसएनएल आणि एमटीएनएलमधून २०२० च्या सुरुवातीला ९२ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीनं बाहेर पडले.

१८८५ चा कायदा आता जातोय. दूरसंचार कायदा २०२३ ची बरीच कलमं जून २०२४ पासून लागू झाली. ‘परवाना’ जाऊन ‘प्राधिकार’ हा शब्द आला, अनेक जुन्या कटकटी कमी झाल्या, उपग्रह सेवेला लिलावाशिवाय लहरी देण्याची तरतूदही झाली. पण सेवा चालवायची तर सरकारची परवानगी, अटी सरकारच्या, शुल्क सरकार ठरवेल, हा कणा जसाच्या तसा आहे. कलम चारची वस्त्रं बदलली आहेत.

दरांच्या बाबतीत मात्र ट्रायनं २००० नंतरच्या दशकापासून हात मागे घेतलेला आहे. कंपन्यांनी दर ठरवावेत आणि कळवावेत. गंमत म्हणजे जिओच्या दणक्यानंतर, २०१९ मध्ये, किमान दर ठरवून द्या म्हणून उद्योगच ट्रायकडे गेला होता. ट्रायनं चर्चा केली, दर ठरवले नाहीत. नव्या कायद्याची कलमं लागू होत असतानाच तिन्ही खासगी कंपन्यांनी एकापाठोपाठ एक, एकाच आठवड्यात दरवाढ जाहीर केली. ओरड झाल्यावर सरकारनं पत्रक काढलं की दर बाजार ठरवतो. त्या तीनपैकी एका कंपनीत तेव्हाही सरकार मोठं भागधारक होतं. बीएसएनएलनं दर वाढवले नव्हते. तिचं फोरजी जाळं अजून नीट उभं राहायचं होतं, तरी त्या जुलैमध्ये नंबर बदलायला न लागणाऱ्या पोर्टिंगच्या सोयीनं लाखो लोक तिच्याकडे गेले, आणि खासगी कंपन्यांचे ग्राहक घटले असताना सरकारी कंपनीचे मात्र वाढले.