शिफारस आणि तरतूद

बालकांना कोणत्या लसी द्याव्यात, हा प्रश्न वरवर पाहता केवळ वैद्यकशास्त्राचा वाटतो. वस्तुतः तो सार्वजनिक अर्थव्यवहाराचाही आहे. शासनाने एखादी लस आपल्या वेळापत्रकात समाविष्ट करणे म्हणजे ती प्रत्येक बालकाला विनामूल्य पोचविण्याची जबाबदारी पत्करणे होय. साहजिकच असा निर्णय लांबतो. आणि त्या विलंबाची किंमत कोण मोजतो, हे पाहणे अगत्याचे ठरते.

भारतात १९७८ साली विस्तारित लसीकरण कार्यक्रम सुरू झाला आणि १९८५ मध्ये त्याला सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमाचे रूप आले. नव्या लसींविषयी सल्ला देण्यासाठी २००१ मध्ये राष्ट्रीय तांत्रिक सल्लागार गटही स्थापन झाला. तथापि, न्यूमोनियाच्या एका प्रमुख कारणापासून संरक्षण देणारी न्यूमोकोकल लस या कार्यक्रमात प्रथम आली ती २०१७ मध्ये, तीही निवडक राज्यांत. देशभर ती पोचण्यास २०२१ साल उजाडले. तत्पूर्वी कित्येक वर्षे ती खासगी दवाखान्यांत विकत मिळत होती. म्हणजे ऐपत असलेल्या घरातील मूल सुरक्षित झाले, आणि कुपोषण व दाट वस्ती यांमुळे ज्याला धोका अधिक, ते मूल मात्र ताटकळत राहिले.

लसीची किंमत, पुरवठा आणि शीतसाखळीची क्षमता यांचा विचार शासनाला करावा लागतो, हे मान्यच केले पाहिजे. किंबहुना केवळ यादी वाढविल्याने काही साधत नाही. गोवरची लस १९८५ पासून सार्वत्रिक कार्यक्रमात आहे. तरीही २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसारख्या वस्त्यांतून गोवरची साथ पसरली आणि बालकांचे बळी गेले. गोवर रोखावयाचा तर शंभरांतील सुमारे पंच्याण्णव बालकांना दोन्ही मात्रा मिळाव्या लागतात. येथे लसीचा लाभ एकट्या बालकापुरता उरत नाही. एका घरातील त्रुटी शेजारच्या पाळण्यापर्यंत पोचते. ज्या वस्तूचा लाभ असा सर्वांत वाटला जातो, ती बाजाराच्या हवाली करून चालत नाही, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा आहे.

म्हणूनच प्रत्येक शिफारशीबरोबर तीन गोष्टी शासनाने जाहीर कराव्यात: तिच्यासाठी केलेली आर्थिक तरतूद, सर्व जिल्ह्यांत ती पोचण्याचे वर्ष आणि ती पोचविणाऱ्या परिचारिका व आशा सेविका यांची उपलब्धता. तरतुदीविना केलेली शिफारस हा कागदावरचा सद्हेतूच ठरतो, आणि साथीचे रोग सद्हेतूंना दाद देत नाहीत.