नव्या विश्रामधामाची पहिली किंमत

थंड हवेच्या ठिकाणीं किंवा समुद्रकांठीं स्वतःचें घर असावें, पण राहणें मात्र वर्षांतून आठवडाभरच होणार, अशी पुष्कळ कुटुंबांची परिस्थिति असते. तींतूनच टाइमशेअर, म्हणजे काळ वाटून घेतलेल्या वास्तूचा व्यवहार, १९६० नंतरच्या दशकांत युरोपांत निघाला. रंगांनीं ओळखले जाणारे हंगाम, पंचवीस वर्षांचें सभासदत्व आणि दरसाल भरावयाची वर्गणी हे शब्द आतां मुंबई-पुण्याच्या घरांतूनहि परिचयाचे आहेत. परंतु नवें विश्रामधाम विक्रीस निघतें त्या दिवशीं त्याची किंमत कशी ठरते, हें घेणारास सहसा कळत नाहीं. अमेरिकेंतील डिस्ने कंपनीच्या उदाहरणावरून तें बरेंच उलगडतें.

या कंपनीनें १९९१ सालीं फ्लोरिडांत आपलें या प्रकारचें पहिलें विश्रामधाम उघडलें. तेथें ठराविक आठवडा न विकतां पॉइंट विकण्यांत आले. विकत घेतलेले पॉइंट दरसाल खात्यावर नव्यानें जमा होतात, आणि खोली व हंगाम पाहून प्रत्येक रात्रीस ते खर्ची पडतात. आरंभीं एका पॉइंटास ५१ डॉलर पडत व निदान २३० पॉइंट घ्यावे लागत. म्हणजे ११,७३० डॉलर. करार २०४२ च्या जानेवारीअखेर संपावयाचा. पन्नास वर्षांनीं भागलें तर वर्षास सुमारें २३५ डॉलर! विक्रेत्याचा सारा युक्तिवाद या भागाकारावर उभा असतो. भागाकार बरोबरच आहे. पण पन्नास वर्षांचें भाडें आज एकरकमी मोजल्यानें जें व्याज बुडतें, तें त्यांत कोठेंच येत नाहीं.

याच कंपनीनें २०१९ सालीं रिव्हिएरा नांवाचें विश्रामधाम विक्रीस काढलें, तेव्हां पॉइंटाचा भाव होता १८८ डॉलर. जुन्या ५१ डॉलरांस अठ्ठावीस वर्षांची महागाई लावली तरी आंकडा ९६ च्या आसपासच येतो. तेव्हां उरलेली वाढ केवळ सर्वसाधारण महागाईची नव्हे. पहिली किंमत ठरते ती शेजारच्या हॉटेलांतील खोलीच्या भाड्यावरून, जुन्या विश्रामधामांचे पॉइंट कोणत्या दरानें खपत आहेत यावरून, आणि विक्रीच्या खर्चावरून. भेटवस्तू, दलाली, जुन्या सभासदांस प्रथम दिलेली सवलत, हें सर्व अखेर त्याच किंमतींतून निघावयाचें असतें; या धंद्यांत बांधण्यापेक्षां विकण्यासच अनेकदां अधिक पैसा लागतो.

भावाइतकेंच महत्त्व एका रात्रीस किती पॉइंट लागणार याच्या कोष्टकास आहे. भाव तोच ठेवून रात्रीचे पॉइंट वाढविले, तर किंमत वाढलीच. फक्त ती डोळ्यांस दिसत नाहीं. पुढें एका रात्रीचे पॉइंट चढविले तर दुसऱ्या रात्रीचे उतरवावे लागतात, वर्षाची एकूण बेरीज वाढवितां येत नाहीं. म्हणून आरंभींचें कोष्टक एकदां लादलें गेलें कीं तें अखेरपर्यंत सोबत राहतें.

वर्गणीची गोष्ट निराळी. ती दरवर्षीं बदलूं शकते, आणि नव्या इमारतीस मागचा जमाखर्च नसल्यामुळें तिचा पहिला आंकडा हा विकणारानेंच बांधलेला अंदाज असतो. हवाई बेटांतील औलानी विश्रामधामाची विक्री २०१० सालीं सुरू झाली. तेथें वर्गणी खर्चाच्या मानानें फारच कमी धरली गेली होती, हें उघड झाल्यावर २०११ च्या जुलैंत कंपनीनें विक्री थांबविली, कांहीं वरिष्ठ अधिकाऱ्यांस निरोप दिला आणि वर्गणी वाढवूनच पुन्हां दुकान मांडलें. ज्यांनीं आधीं खरेदी केली होती त्यांच्या वर्गणींतील तफावत कंपनीनें आपल्या अंगावर घेतली. ही गोष्ट तिला शोभणारी होती; सर्वच विक्रेते असें करतील असें मात्र नाहीं. त्यामुळें त्या विश्रामधामांत शेजारशेजारच्या खोल्यांत उतरणारीं दोन कुटुंबें एकाच सोयीसाठीं दोन निरनिराळ्या दरांनीं वर्गणी भरीत असतात. आणि दोघांचेहि करार २०६२ पर्यंत चालावयाचे आहेत.