गणवेशाचा काठ आणि न दिसणारा टाका

जूनमध्ये अंगावर चढलेला गणवेश दिवाळीच्या आतच काठाशी उसवू लागतो, हे बारामती व इंदापूर तालुक्यांतील वर्गशिक्षकांस सांगावयास नको. काठ सुटला की सूत लोंबते, त्यात पाय अडकतो, आणि वरच्या वर्गातील एखादी मुलगी संकोचाने घरीच राहते. गाळपाचा हंगाम सुरू झाला म्हणजे माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील कारखान्यांच्या परिसरात ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे येऊन उतरतात. त्यांच्या मुलांजवळ पुष्कळदा गणवेशाचा दुसरा जोड नसतो, आणि खोपीत शिवणयंत्र कोठून असणार? सुईदोरा मात्र कोठेही मिळतो.

कार्यानुभवाच्या तासाला ‘वस्त्र’ या क्षेत्रात धावदोरा बहुधा शिकविला जातो. हेम मागे राहते. शिंपी हिलाच हातशिलाई म्हणतात. मुलांना ती अपरिचित नाही. गावोगावी दुकानांवर ‘फॉल-पिको’ अशी पाटी असते. साडीला आतून लावलेला फॉल याच टाक्याने धरलेला असतो आणि बाहेरून दिसत नाही. पाठाचा आरंभ तेथूनच करावा. जुन्या साडीचा फॉल उलटसुलट पाहून मुलांनी टाके शोधून काढले, की निम्मे काम झाले.

सरावासाठी जाडसर विणीचे जुने कापड घ्यावे; त्यातील सूत डोळ्यांना सुटे दिसते. कापडाची कड प्रथम अर्धा सेंटिमीटर आत दुमडावी, मग तीन सेंटिमीटरची दुसरी दुमड घालून नखाने दाबून घ्यावी आणि कच्चा दोरा घालावा. सुई बारीक, दोरा एकेरी व हातभरच असावा. लांब दोरा गुंततो. गाठ दुमडीच्या आत लपवावी. उजव्या हाताच्या मुलाने उजवीकडून डावीकडे जावे. डावखुऱ्याने उलट दिशेने, आणि त्याला त्यावरून टोकू नये. दुमडीच्या कडेतून सुई बाहेर काढून लगतच्या मूळ कापडाचे एकच सूत, फार तर दोन, उचलावे. सुई पुन्हा दुमडीत घालून आतल्या आत सुमारे एक सेंटिमीटर पुढे न्यावी व बाहेर काढावी. हाच क्रम शेवटपर्यंत चालवावा, आणि अखेरीस दुमडीतच दोन बारीक टाके घेऊन दोरा तोडावा. कच्चा दोरा मग उसवून टाकावा.

चूक बहुधा दोरा ओढण्यात होते. टाका घट्ट झाला की कापडाला चुण्या पडतात आणि सुलट्या बाजूने खळ्यांची रांग दिसते. दोरा सैलसर राहू द्यावा. टाका दिसत नाही म्हणून तो कच्चा असतो, असे नव्हे. पहिल्या दोन तासांना मुद्दाम कापडाहून निराळ्या रंगाचा दोरा द्यावा, म्हणजे किती सूत उचलले हे मुलाला स्वतःच कळते. जुळत्या रंगाचा दोरा नंतर.

गणवेश नवा असतानाच काठ चार-पाच सेंटिमीटर आत घेतला, तर पुढील जूनमध्ये टाके उसवून तो खाली सोडता येतो. वाढत्या वयाच्या मुलाला वर्षभर अधिक कपडा पुरतो. हातशिलाई उसवणे सोपे असल्याने कापडास इजाही होत नाही.

मुलग्यांना या तासाला मैदानावर पाठविण्याची पद्धत काही ठिकाणी अद्याप आहे, ती सोडावी. गावचा शिंपी पुरुषच असतो, हे मुलांना ठाऊक असते. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला गेला, तोही मुलग्यांना वगळून नव्हे. बारामतीच्या औद्योगिक क्षेत्रात तयार कपडे शिवणाऱ्या यंत्रांचा आवाज ऐकू येतो. अशा उद्योगात न दिसणारी हेम घालण्याकरिता वाकड्या सुईचे निराळे यंत्र असते. तेही दुमडीजवळचे थोडेसेच सूत उचलते.

काम तपासताना कापड सुलटे धरून हातभर अंतरावरून पाहावे, मग काठ हलकेच ताणावा. तास सुरू होताना सुया मोजून द्याव्यात आणि संपताना मोजूनच परत घ्याव्यात. मुले त्याच सतरंजीवर अनवाणी बसणार असतात.