एका पंक्तीचा खाऊ

जेवणाच्या पंक्तींत एकाच्या पानावर साजूक तूप आणि दुसऱ्याच्या पानावर तेल वाढणें यास आपल्याकडे पंक्तिप्रपंच म्हणतात, आणि तो मोठा दोष मानतात. लहानपणीं तो आम्हांस वाढणाऱ्याच्या मनाचा दोष म्हणून शिकविला गेला. परंतु एखाद्या मुलाच्या प्रकृतीलाच पंक्तींतलें अन्न मानवेनासें झालें, म्हणजे वाढणाऱ्याच्या मनांत कसलाहि दुजाभाव नसतां पंक्तिप्रपंच आपोआप घडूं लागतो. सणाच्या दिवशीं सर्वांच्या पानांत पुरणपोळी आणि एकाच्या पानांत भाकरी. सर्वांच्या हातांत करंजी आणि एकाच्या हातांत केळें! मोठ्या माणसास याचें कारण कळतें. सहा वर्षांच्या मुलास तें कळत नाहीं. त्यास एवढेंच कळतें कीं, आपण वेगळे आहों.

आमच्या सोलापुरांतील घरीं हा प्रश्न दोन बाजूंनीं आला. एका नातवास गहूं वर्ज्य झाला आणि पुतण्याच्या मुलीस भुईमुगाच्या शेंगा. पोळीवांचून दिवस जात नाहीं आणि दाण्याच्या कुटावांचून कोशिंबीर होत नाहीं अशा घरांत, आणि उखळींत कुटलेल्या शेंगाचटणीबद्दल प्रसिद्ध असलेल्या या गांवांत, हीं दोन पथ्यें संभाळणें म्हणजे काय, याची कल्पना गृहिणींस सहज येईल.

या दोन्ही तक्रारींस लोक सरसकट 'ॲलर्जी' म्हणतात. वस्तुतः त्या भिन्न आहेत. 'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनीं १९०६ सालीं प्रचारांत आणला. शरीराची संरक्षक शक्ति एखाद्या निरुपद्रवी पदार्थासच शत्रु समजून त्याच्यावर तुटून पडते, हा त्याचा आजचा सामान्य अर्थ. शेंगदाण्याची बाधा या जातीची असून ती बहुधा कांहीं मिनिटांतच दिसते. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात. आणि श्वास कोंडूं लागल्यास घरगुती उपायांत क्षणहि न दवडतां रुग्णालय गांठावें लागतें.

नातवाची बाधा निराळी. तिला सीलिॲक रोग म्हणतात. गहूं आणि जव यांतील ग्लुटेन नांवाच्या चिकट प्रथिनामुळें शरीर आपल्याच लहान आंतड्याच्या अस्तरास इजा करूं लागतें. ही बाधा मिनिटांत दिसत नाहीं. महिनोन् महिने पोट बिघडतें, मूल वाढत नाहीं, रक्त कमी होतें. आणि आपण जंतांचें औषध देत राहतों. आम्हींहि वर्षभर तेंच केलें. लंडनचे डॉक्टर सॅम्युएल गी यांनीं १८८८ सालीं या रोगाचें वर्णन करून, त्यावर उपाय असेल तर तो आहारांतच असेल, असें लिहून ठेविलें होतें. परंतु दोष कोणत्या अन्नाचा, हें कळावयास आणखी साठ वर्षें लागलीं. हॉलंडमधील डॉ. विलेम डिके यांना गव्हाचा संशय होताच. १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत युद्धामुळें तेथें भयंकर दुष्काळ पडला आणि पाव मिळेनासा झाला. तेव्हां इतर मुलें खंगत असतां या रोगाचीं मुलें मात्र सुधारल्याचें दिसून आलें, आणि त्यांचा संशय बळावला. १९५० सालीं त्यांनीं आपला प्रबंध प्रसिद्ध केला. आजहि या रोगावर जन्मभर ग्लुटेन टाळणें हाच उपाय आहे. मात्र रक्ताची आणि जरूर तर आंतड्याची तपासणी होण्यापूर्वीं आपण होऊन गहूं बंद करूं नये. तसें केल्यास तपासणीचा निकाल फसवा येऊं शकतो.

आमच्यासारख्या संस्कृत शिकलेल्या म्हाताऱ्यांस येथें एक शंका येते. चरकसंहितेंतील ऋतुचर्येच्या अध्यायांत शरदऋतूंत तांदूळ, जव आणि गहूं खावे असें स्पष्ट सांगितलें आहे. मग शास्त्रानें सांगितलेलें अन्न विष कसें होईल? परंतु तोच अध्याय संपतांना सात्म्याचा विचार येतो. म्हणजे ज्याच्या शरीरास जें मानवतें तेंच त्याचें पथ्य. आजच्या वैद्यकाशीं त्याची ओढून-ताणून गांठ घालण्याचा माझा हेतु नाहीं. नियम सर्वांसाठीं असतो आणि प्रकृति प्रत्येकाची असते, एवढें जुन्यांसहि ठाऊक होतें, इतकेंच मला म्हणावयाचें आहे. 'एवढ्याशा पोळीनें काय होतें?' असें म्हणून नातवाच्या हातावर लपून तुकडा ठेवणाऱ्या वडील माणसांनीं हें ध्यानांत घ्यावें. मीहि तो तुकडा ठेविलेला आहे, म्हणून हें लिहितों.

आतां स्वयंपाकघराकडे वळूं. आमच्या आजीच्या वेळीं सोवळ्याची चूल, सोवळ्याचें पाणी, उपवासाचीं भांडीं हीं सारीं निराळीं असत. त्या आचारांत माणसांस दूर ठेवण्याचा जो भाग होता तो गेला हें उत्तमच झालें; परंतु त्यांतील हातांची शिस्त मात्र या कामीं अत्यंत उपयोगी पडते. ती पूर्वीं माणूस दूर ठेवण्यासाठीं पाळीत. आतां मूल पंक्तींत घेण्यासाठीं पाळावयाची, एवढाच फरक.

लांकडी पोळपाट-लाटणें, पिठाची चाळण आणि मिक्सरचें भांडें यांचा निराळा संच करावा. ज्या वेळीं हा खाऊ करावयाचा त्या वेळीं गव्हाचें पीठ चाळूं नये, कारण तें हवेंत उडून सर्वत्र बसतें. गव्हाच्या पाठोपाठ गिरणींत दळलेली ज्वारी चालत नाहीं. ती घरच्या जात्यावर अथवा केवळ त्यासाठीं राखलेल्या घरघंटीवर दळावी. बाजारांतील डबीच्या हिंगांत बहुधा गव्हाचें पीठ वा मैदा मिसळलेला असतो, हें आम्हांस फार उशिरां कळलें; नातवाची आमटी आम्हीं कित्येक महिने त्याच हिंगानें फोडणीस घालीत होतों! बेकिंग पावडरच्या डब्यावरील घटकहि वाचून पाहावेत. २०२० च्या अन्नविषयक नियमांप्रमाणें गहूं, दूध, अंडीं, शेंगदाणे, सोयाबीन इत्यादि पदार्थ असल्यास तसें वेष्टनावर छापावें लागतें; आणि किलोमागें २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन असलेल्या पदार्थास ग्लुटेनमुक्त म्हणतां येत नाहीं. वाचण्याची संवय मात्र आपली आपणच लावून घ्यावयाची.

एवढी तयारी झाल्यावर मुलांस आवडेल असें करावें काय, हा प्रश्न उरला. सूनबाईंनीं मफिन सुचविलें. मफिन म्हणजे वाटीच्या आकाराचा, सोड्यानें फुगविलेला लहानसा गोड केक. अमेरिकेंत शरदऋतूंत तांबड्या भोपळ्याचा गर, दालचिनी, जायफळ आणि सुंठ घालून तीं घरोघर भाजतात. हें वर्णन ऐकतांच आमच्या वहिनी म्हणाल्या, "म्हणजे आपले घारगेच कीं! आपण तळतों, तीं भाजतात." खरोखरच भोपळा, गूळ आणि जायफळ यांचें सख्य आपल्या घरांत नवें नाहीं. परंतु घारग्यांस आम्ही कणीक वापरीत असूं, आणि मफिनास मैदा, अंडीं व लोणी लागतें. अंडीं आमच्या घरीं येत नाहींत. तेव्हां आधार उरला तो ज्वारीचा.

ज्वारींत ग्लुटेन नसतें, आणि ज्वारीच्या बाबतींत सोलापूर जिल्ह्यानें कोणाकडे हात पसरण्याचें कारण नाहीं. येथील काळ्या जमिनींत रब्बीची शाळू पिकते. 'मालदांडी ३५-१' हा नामांकित वाण येथल्याच मोहोळच्या शेतकी संशोधन केंद्रांत निवडून काढलेला. मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष भरडधान्यांचें म्हणून पाळल्यावर शहरांतील लोकांस ज्वारीची आठवण झाली. आमच्या ताटांतून ती कधीं गेलीच नव्हती. शाळूच्या सोबतीनें येणाऱ्या करडईचें तेलहि येथें मिळतें, त्यामुळें लोणी आणि शेंगतेल दोन्ही टळतात. घाण्याच्या शेंगतेलांत शेंगदाण्याचा अंश राहत असल्यानें आमच्या मुलीच्या दृष्टीनें हें महत्त्वाचें होतें.

तरीहि पहिला प्रयत्न फसला. रंग सुरेख आला, वास घरभर पसरला. पण वाटींतून काढतांच मफिनाची वाळू झाली. सूनबाई हिरमुसल्या. वहिनींनीं तो चुरा बोटांनीं चोळून पाहिला आणि विचारलें, "पीठ गार पाण्यांत कालवलंस ना? अगं, भाकरीला आधण लागतं, तें याला नको होय? गार पाण्यानं ज्वारीला विरी कशी येईल?"

दोष अचूक सांपडला. गव्हांतील ग्लुटेन पिठाची जाळी धरून ठेवतें. तेंच नसल्यामुळें ज्वारी सुटते. उकळत्या पाण्यानें तिच्यांतील पिष्ट फुगून चिकट होतें, म्हणून भाकरी थापतां येते. हीच युक्ति येथें लागू पडली. अंड्याचें काम जवसाच्या बुळबुळीत खळीनें केलें. (जवस आणि जव यांचा नांवापलीकडे कांहीं संबंध नाहीं. जव वर्ज्य, जवस चालतें.) तिसऱ्या खेपेस जें साधलें तें प्रमाण खालीं देतों. दहा मफिनें होतात.

साहित्य:— ज्वारीचें ताजें पीठ १५० ग्रॅम, साबुदाण्याचें बारीक पीठ ४० ग्रॅम, तांबड्या भोपळ्याचा वाफवून गाळलेला गर २०० ग्रॅम, किसलेला गूळ १२० ग्रॅम, करडईचें तेल ६० मिलिलिटर, जवसाची बारीक पूड १५ ग्रॅम, उकळतें पाणी १०० मिलिलिटर, लिंबाचा रस एक मोठा चमचा, बेकिंग पावडर दीड लहान चमचा, खाण्याचा सोडा पाव लहान चमचा, सुंठपूड अर्धा लहान चमचा, थोडें जायफळ व वेलची, चिमूटभर मीठ.

कृति:— ज्वारीच्या पिठांतील ५० ग्रॅम पीठ घेऊन त्यावर उकळतें पाणी ओतावें, ढवळून दहा मिनिटें झांकून ठेवावें. भोपळ्याचा गर कोमट असतांनाच त्यांत गूळ विरघळवावा. मग तेल व जवसाची पूड घालून पांच मिनिटें थांबावें. त्यांत ती उकड गुठळ्या मोडून मिसळावी. उरलेलें पीठ, साबुदाण्याचें पीठ, मीठ व सुगंधी द्रव्यें घालून इडलीच्या पिठाइतकें दाट करावें. फार घट्ट वाटल्यास थोडें ऊन पाणी घालावें. वीस मिनिटें भिजूं द्यावें. ही विश्रांति चुकविल्यास पीठ दांतांखालीं कचकचतें. भाजण्याची सर्व तयारी झाल्यावरच लिंबाचा रस, बेकिंग पावडर व सोडा घालून हलक्या हातानें कालवावें. वाट्यांस तेलाचा हात लावून वर ज्वारीचेंच पीठ भुरभुरावें आणि त्या पाऊण भराव्यात. ओव्हन १८० अंश सेल्सियसवर तापवून पंचवीस मिनिटें भाजावें. मध्यें खुपसलेली काडी कोरडी निघाली म्हणजे झालें. ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या कढईंत मिठाचा थर देऊन वर तिवई ठेवावी, झांकण घालून दहा मिनिटें तापवावें, आणि स्टीलच्या वाट्या ठेवून मंद आंचेवर तीस ते पस्तीस मिनिटें द्यावीं. बाहेर काढल्यावर वीस मिनिटें वाटींतच निवूं द्यावें. ऊन असतांना ज्वारी धीर धरीत नाहीं. निवल्यावर ती आपोआप आकार धरते.

यांत गहूं, दूध, अंडीं, सोयाबीन, शेंगदाणे, तीळ वा काजू-बदाम यांपैकीं कांहींहि नाहीं. तरी प्रत्येकाची बाधा निराळी असते. म्हणून ज्या घरीं डॉक्टरांनीं पथ्य सांगितलें असेल तेथें हें साहित्य त्यांस एकवार दाखवावें. हीं मफिनें दोन दिवस चांगलीं राहतात.

कोजागिरीस सोलापुराहून तुळजापुरास पायीं जाणाऱ्या भाविकांची रीघ लागते, आणि वाटेंत जागोजागीं फराळ वांटला जातो. गेल्या कोजागिरीस आमच्या घरचीं मोठीं माणसें निघालीं तेव्हां नातवानें बरोबर येण्याचा हट्ट धरला. त्यास एवढा पल्ला झेपणारा नव्हता, म्हणून पहिल्या टप्प्यापर्यंतच नेलें. मफिनांचा डबा त्याच्याच पाठीवर दिला. विसाव्यास बसल्यावर त्यानें डबा उघडला आणि स्वतः सर्वांस वाढावयास घेतलें. कोणीं कांहीं दिलें कीं, 'यांत गहूं आहे का?' असें विचारणारें हें मूल त्या दिवशीं प्रथमच वाढपी झालें होतें. पुतण्याच्या मुलीनें हात पुढें केला, पण संवयीनें थबकून विचारलें, "यांत शेंगा नाहींत ना?" तो म्हणाला, "नाहींत. गहूंहि नाहीं. घे."

तिनें घेतलें, वहिनींनीं घेतलें, मींहि घेतलें. त्या दिवशीं सर्वांच्या हातांत एकच खाऊ होता. येत्या दिवाळींत ज्यांच्या घरीं असें मूल असेल त्यांस एवढेंच सांगणें आहे: त्याच्यासाठीं निराळा डबा भरूं नका. सर्व घर खाऊं शकेल असा एक तरी पदार्थ करा, आणि तो पहिल्यानें त्याच्या हातून वाढवून घ्या.