हॉप्सची बेगमी

आंब्याच्या लोणच्यावर तेलाचा थर का ठेवायचा, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. फोडी तेलाच्या वर उघड्या राहिल्या की बुरशी धरते, हे आपण लहानपणीच पाहिलेलं असतं. एवढं ठाऊक असूनही अमेरिकेत असताना मी एका शेजाऱ्याने आपुलकीने दिलेली वर्षाची बेगमी वाया घालवली. ती बेगमी लोणच्याची नव्हे, हॉप्सची होती.

नोकरीनिमित्त मी काही वर्षं ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडला राहत होतो. शेजारी एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांच्या मागच्या कुंपणावर हॉप्सचा एक वेल चढलेला होता. तो त्यांच्या पत्नीने लावलेला. त्या गेल्यानंतरही हे गृहस्थ दर वसंतात नव्या कोंबांना दोऱ्या बांधून देत आणि सप्टेंबरात बोंडं उतरवून घरीच बिअर करत. तिकडे हा छंद अगदी सर्रास चालतो. १९७८ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरच्या घरी, स्वतःपुरती बिअर करण्याला मोकळीक दिली. आपल्या राज्यात दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय हे करता येत नाही. तेव्हा ‘करून पाहा’ असं मी कुणाला सांगत नाही, हे आधीच स्पष्ट करतो.

हॉप्स हा भांगेच्या कुळातला वेल. भांगेची नशा मात्र त्यात नाही. मादी वेलाला कागदासारख्या पातळ पाकळ्यांची हिरवी बोंडं लागतात. एखादं बोंड उकलून पाहिलं तर पाकळ्यांच्या बुडाशी हळदीसारखी पिवळी, चिकट भुकटी दिसते. तिला ल्युप्युलिन म्हणतात. बिअरमध्ये हॉप्स घालायचे ते या चिमूटभर भुकटीसाठी. तिच्यातल्या राळेत अल्फा आम्लं असतात. पाण्यात उकळली की त्यांची रचना बदलते आणि त्यातून बिअरचा कडवटपणा येतो. शिवाय तिच्यात सुगंधी तेलं असतात. ही दोन्ही द्रव्यं हवेतल्या ऑक्सिजनपुढे टिकत नाहीत. आम्लांचं ऑक्सिडीकरण होऊन ती निकामी होतात, तेलं उडून जातात किंवा बदलतात, आणि राळ मोडून जी नवी आम्लं तयार होतात त्यांना जुनाट चीजसारखा वास येतो. कुणी त्याला घामट मोज्यांची उपमा देतात, आणि ती काही अतिशयोक्ती नाही.

मी नेमकं तेच घडवून आणलं. शेजाऱ्यांनी दिलेले चारएकशे ग्रॅम वाळवलेले हॉप्स मी कागदी पिशवीत भरले, तोंड दुमडलं आणि पाणी तापवण्याच्या टाकीवरच्या फळीवर ठेवले. कोरडी, उबदार जागा. डाळ-तांदूळ खूश झाले असते. मार्चमध्ये त्याच हॉप्सची बिअर केली आणि मोठ्या उत्साहाने त्यांना पाजली. त्यांनी एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि एवढंच विचारलं, “हॉप्स कुठे ठेवले होते?” वेलाला बहर वर्षातून एकदाच येतो. पुढचा सप्टेंबर सहा महिने लांब होता.

त्यांचा वेल कॅस्केड जातीचा. ही जात ऑरेगनमधल्याच कोर्व्हॅलिसला तयार झाली आणि १९७२ मध्ये शेतकऱ्यांकडे आली. तिचा वास संत्र्या-पपनसाच्या सालीसारखा सुरेख, पण टिकाऊपणात ती फार कच्ची. २० अंश सेल्सिअसला, हवेत उघडी ठेवली तर सहा महिन्यांत तिची जवळजवळ निम्मी अल्फा आम्लं जातात. माझी फळी तर त्याहून गरम होती.

यावर इलाज दोन, आणि ते एकत्र करायचे असतात. हवा काढायची आणि थंड ठेवायचं. पण त्याआधी एक पायरी आहे, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. ती म्हणजे वाळवण. ताज्या बोंडात पाऊणपट किंवा त्याहून जास्त पाणी असतं. ते आठ-दहा टक्क्यांवर आणावं लागतं. जाळीवर पातळ पसरून खालून पंखा लावला तरी काम होतं. कडक उन्हात मात्र ठेवायचं नाही. कुरडया-पापड्यांची सवय असलेल्या आपल्या हाताला हे जड जातं. पाकळ्या लवकर कुरकुरीत होतात आणि आपण फसतो. ओल असते ती बोंडाच्या मधल्या देठात. तो देठ वाकला तर थांबायचं, कट्‌कन मोडला तर माल तयार. ओलसर बोंडं पिशवीत बंद केली तर ती आतल्या आत कुबट होतात आणि यंत्र कितीही महागाचं असलं तरी उपयोग होत नाही.

आता पिशवी. साधी पॉलिथिनची पिशवी पाणी अडवते, पण ऑक्सिजन तिच्यातून हळूहळू झिरपतोच. व्हॅक्यूम यंत्राच्या पिशवीत पॉलिथिनला नायलॉनचा थर जोडलेला असतो, तो ऑक्सिजनला बराच रोखतो. अॅल्युमिनियमचा थर असलेली चकचकीत पिशवी त्याहून सरस, कारण ती उजेडही अडवते. पारख सोपी आहे: बंद पिशवीला नाक लावायचं. हॉप्सचा वास आला तर समजायचं की तेल बाहेर पडतंय आणि त्याच वाटेने हवा आत शिरतेय.

भरताना पिशवीचं तोंड चार बोटं रिकामं सोडायचं. पिवळी भुकटी सांध्यावर बसली तर प्लास्टिक नीट चिकटत नाही. म्हणून सांधा कोरड्या कापडाने पुसून घ्यायचा आणि दोनदा मारायचा. अख्खी बोंडं असतील तर यंत्र थोडं आधी थांबवलेलं बरं, नाहीतर ती चेपून ल्युप्युलिनच्या पुटकुळ्या फुटतात. दुकानातल्या गोळ्यांना ही धास्ती नाही, त्या मुळातच दळून दाबलेल्या असतात. एक दिवस पिशवी बाहेर ठेवून पाहायची. सैल पडली तर पुन्हा बंद करायची. मग थेट फ्रीझरमध्ये.

फ्रीझर का, तर तापमान १५ अंशांनी उतरलं की खराब होण्याचा वेग साधारण निम्मा होतो. या ठोकताळ्याने उणे १८ अंशांना, हवा काढलेल्या पिशवीत, कॅस्केडची सहा महिन्यांतली घट निम्म्यावरून पाच-सहा टक्क्यांवर येते. बाहेर काढल्यावर मात्र पिशवी लगेच कापायची नाही. खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर थंड बोंडांवर दव धरतं.

जाता जाता एक गंमत. ब्रुसेल्सच्या परिसरात लँबिक नावाची आंबट बिअर करणारे लोक हॉप्स मुद्दाम वर्ष-दोन वर्षं जुने होऊ देतात. त्यांना कडवटपणा नको असतो, फक्त नको ते जंतू रोखणारा गुण हवा असतो. हे कळल्यावर मी शेजाऱ्यांना म्हटलं, माझी बिअर बेल्जियन होती. ते हसले नाहीत.

सप्टेंबरात त्यांनी पुन्हा चारशे ग्रॅम दिले. मी २८ ग्रॅमची एक, अशी चौदा पाकिटं केली आणि प्रत्येकावर जात, वजन आणि तोडणीचं साल लिहिलं. घरच्या बोंडांतल्या अल्फा आम्लांचं प्रमाण प्रयोगशाळेशिवाय कळत नाही. म्हणून कडवटपणासाठी विकतच्या गोळ्या आणि उकळी संपताना, वासापुरते हे हॉप्स, असं ठरवून टाकलं. जूनमध्ये शेजाऱ्यांसमोरच एक पाकीट कापलं. त्यांनी दोन बोंडं तळहातावर चुरली, बराच वेळ वास घेतला आणि अशी किती उरली आहेत, असं विचारलं. अकरा होती.