जयस्तंभावरची नावे वाचायला हवीत

भिवंडी म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे यंत्रमाग, सायझिंग आणि गोदामे येतात. बारा तासांची पाळी करणाऱ्या माणसाला इतिहासासाठी वेळ कुठला, असे कोणीही विचारील. परंतु आमच्या वस्तीतील काही कामगार, कारकून, शिक्षक आणि गृहिणी महिन्यातून एका रविवारी विहारात जमतात. एका विषयावर व्याख्यान होते, मग प्रश्नोत्तरे होतात. वर्षातून एकदा वर्गणी काढून आम्ही गाडी करतो आणि एखादी रणभूमी पाहून येतो. या अभ्यासातून जे हाती लागले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

सुरुवात एका मुलाच्या प्रश्नाने झाली. शाळेत सोबत्यांनी त्याला टोमणा मारला, "तुमचे लोक तर इंग्रजांच्या बाजूने लढले." घरी येऊन त्याने वडिलांना विचारले. वडील दरवर्षी १ जानेवारीला भीमा कोरेगावला जाणारे. भिंतीवर जयस्तंभाची तसबीर. पण मुलाला काय उत्तर द्यावे ते त्यांना सुचेना. हा प्रश्न एका घरातला नाही. म्हणून आम्ही ठरवले की आधी इतिहास नीट समजून घ्यायचा, मग बोलायचे.

पहिले व्याख्यान झाले ते वसईवर. वसई आपल्यापासून काही दूर नाही. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हडपसरला पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. मराठी राज्यातले सरदार आपसात लढत होते. आपल्याच लोकांतील या लढाईला यादवी म्हणतात. दुसरे बाजीराव पेशवे पुणे सोडून निघाले आणि अखेर वसईला इंग्रजांच्या आश्रयाला आले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी तह केला. इंग्रजांची फौज आपल्या राज्यात ठेवून घेण्याचे व तिचा खर्च सोसण्याचे कबूल केले. पुढच्याच वर्षी इंग्रजांनी त्यांना पुण्याच्या गादीवर परत बसवले. टोमणा मारणाऱ्या मुलांना विचारायचा पहिला प्रश्न हाच आहे : इंग्रजांची फौज पुण्याच्या मुलखात कोणाच्या सहीने आली?

त्या तैनाती फौजेचा तळ शिरूरला होता. तहाला बरोबर पंधरा वर्षे झाली त्या दिवशी, ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री, याच शिरूरहून कॅप्टन स्टॉन्टनची पलटण पुण्याच्या मदतीला निघाली. तोवर पेशवे आणि इंग्रज यांचे बिनसले होते. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली होती, १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले होते. पेशवे मोठ्या फौजेनिशी फिरत होते. स्टॉन्टनकडे सुमारे ५०० पायदळ, अडीचशे-तीनशे घोडेस्वार आणि दोन तोफा. रात्रभर चालून १ जानेवारी १८१८ च्या सकाळी ही माणसे भीमेकाठी पोहोचली तेव्हा समोर पेशव्यांची छावणी दिसली. स्टॉन्टनने कोरेगावात शिरून घरांचा व गल्ल्यांचा आडोसा घेतला.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पेशव्यांची एकूण फौज २८ हजारांच्या घरात होती, असा अंदाज नोंदलेला आहे. परंतु गावावर प्रत्यक्ष चालून आले ते सुमारे दोन हजार. त्यात अरब होते, गोसावी होते. भाषणात आपण "पाचशेंनी अठ्ठावीस हजारांना हरवले" असे म्हणतो. खरा हिशेब वेगळा असला तरी शौर्य कमी होत नाही. रात्रभर चालून आलेली माणसे दिवसभर अन्नपाण्याविना गल्लीबोळांतून लढली. एक तोफ हातची गेली, ती परत घेतली. सुमारे ८०० जणांपैकी २७५ मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. म्हणजे दर तिघांत एक. रात्री हल्ला थांबला, पेशव्यांची फौज पुढे निघून गेली आणि स्टॉन्टन जखमींना घेऊन शिरूरला परतला. आपल्या पूर्वजांच्या पराक्रमाला फुगवलेल्या आकड्याची गरज नाही. खोटा आकडा एकदा उघडा पडला की खऱ्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

मग आम्ही प्रत्यक्ष गेलो. १ जानेवारीला तेथे लाखोंचा समुदाय असतो. त्या दिवशी वंदन होते, वाचन होत नाही. म्हणून आम्ही एक साधा रविवार निवडला. पुण्याहून नगर रस्त्याने जाताना वाघोली, लोणीकंद मागे पडले की पेरणे फाटा येतो. स्तंभ नदीच्या अलीकडे पेरण्याच्या हद्दीत आहे, लढाई झाली ते गाव पुलापलीकडे. ही साधी गोष्टसुद्धा आमच्यापैकी अनेकांच्या ध्यानात आली नव्हती. कारण गर्दीत आपण स्तंभापर्यंत जातो आणि परत फिरतो.

स्तंभाचा पायाचा दगड २६ मार्च १८२१ रोजी बसवला गेला. लेख इंग्रजीत आहे आणि मराठीतही आहे. तो ब्रिटिश सैन्याचा गौरव करण्यासाठी कोरलेला आहे, आपल्या समाजासाठी नव्हे, हेही समजून घ्यावे. पण त्याच दगडावर मेलेल्या साध्या शिपायांची नावे आहेत. या पलटणीच्या ४९ मृतांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे, म्हणजे ते महार शिपाई. उरलेल्या २७ जणांत मराठा, राजपूत, मुसलमान अशी नावे आहेत. आम्ही पोरांना वह्या दिल्या आणि ही नावे उतरवून घ्यायला सांगितले. आमच्याबरोबर एक आजी होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्या आजेसासऱ्यांच्या नावातही नाक होतं. नाव हलकं म्हणून पुढं कोणी लावलं नाही." तेच नाव दगडावर कोरलेले पाहून त्या बराच वेळ तेथे उभ्या राहिल्या.

आमचे त्यानंतरचे व्याख्यान अमेरिकेच्या यादवी युद्धावर होते. हा विषय आपल्याला परका नाही. महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. १८६१ ते १८६५ च्या त्या युद्धात पावणेदोन लाखांहून अधिक काळे सैनिक उत्तरेकडून लढले. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने १८ जुलै १८६३ रोजी वॅग्नर किल्ल्यावर हल्ला चढवला. पण पगार पाहा. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर. काळ्याला १०, त्यातून कपड्यांचे ३ कापून हातात ७. या पलटणीने ठरवले की घेऊ तर पूर्ण पगार, नाही तर एक पैसाही नको. जून १८६४ मध्ये समान पगाराचा कायदा झाला. बोस्टन शहरात १८९७ साली या पलटणीचे स्मारक उभे राहिले. त्यावर गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे होती. मेलेल्या काळ्या शिपायांची नावे कोरली गेली ती १९८० च्या दशकात.

मृत्यूनंतर दगडावर नाव आले म्हणजे जिवंतपणी हक्क मिळतोच असे नाही. अमेरिकेत १८७० साली घटनेने मतदानाचा हक्क दिला. दक्षिणेत तो हिरावला गेला आणि १९६५ च्या कायद्यापर्यंत झगडावे लागले. आपल्याकडे जयस्तंभावर नावे कोरणाऱ्या त्याच इंग्रजांनी १८९० नंतर लवकरच महारांची लष्करभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज तयार केला, १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे दाद मागितली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली.

मग लष्करातून आपल्याला काय मिळाले? जमाखर्च मांडायचा तर जमेच्या बाजूला सर्वांत मोठी रक्कम म्हणजे लष्करातील शाळा. तेथे शिपायांना आणि त्यांच्या मुलाबाळांना शिकता आले. सुभेदार रामजी सकपाळ अशाच शाळेत मुख्याध्यापक होते. त्यांच्या घरात बाबासाहेब वाढले. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगावला आले आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी त्यांनी हाती घेतले. स्तंभापासून तळ्यापर्यंतचे अंतर तीन महिन्यांहून कमी. पूर्वजांच्या पराक्रमाची आठवण त्यांनी पूजेसाठी ठेवली नाही, पुढच्या लढ्यासाठी वापरली.

२०१८ साली, लढाईला दोनशे वर्षे झाली त्या दिवशी, परिसरात हिंसाचार झाला. तेव्हापासून अनेक घरांत आया मुलांना पाठवायला घाबरतात. ही भीती खोटी नाही. परंतु अफवेला आणि भडक भाषणाला बळी न पडणारी पिढी घडवायची तर तिच्या हाती अचूक माहिती द्यावी लागेल.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. आम्ही त्याला एवढेच सांगितले : ती लढाई दोन सत्तांची होती. इंग्रज काही आपल्याला मुक्त करायला आले नव्हते. आपली माणसे शिपाई म्हणून नोकरीत होती. ज्या राज्यात त्यांना माणूस म्हणून मान नव्हता, त्या राज्यासमोर ती हातात बंदूक घेऊन ताठ उभी राहिली आणि मागे हटली नाहीत. याची लाज वाटण्याचे कारण नाही. आणि आपली खरी लढाई पुढे महाडला, शाळेत आणि संविधानात झाली.

वाचकांना आमची नम्र विनंती आहे. आपल्या वस्तीतही महिन्यातून एक रविवार यासाठी ठेवा. लागते काय? एक खोली, चार पुस्तके आणि प्रश्न विचारणारी मुले. कोरेगावला जाल तेव्हा फुले जरूर वाहा, पण बरोबर वही-पेन्सिल न्या. मुलाबाळांना घेऊन ती नावे एकेक करून मोठ्याने वाचा.

जयभीम!