ड्राइव्ह घेण्यापूर्वी मोटरकडे पाहा

भिवंडी-मालेगावच्या प्रोसेस आणि सायझिंगवाल्यांपुढे ड्राइव्हचे विक्रेते रंगीत पुस्तिका उघडून बसतात. तीत ‘मीडियम व्होल्टेज’ हा शब्द दिसला की आपल्या कारखानदार बंधूंना वाटते, मोठे नाव म्हणजे मोठी बचत. आम्हाला हे पटत नाही.

वीज ५० हर्ट्‌झने येते व मोटर त्याच हिशेबाने एका वेगाने फिरते. ड्राइव्ह त्या विजेची आधी डीसी करतो आणि तिच्यापासून हव्या त्या हर्ट्‌झची एसी बनवतो. हर्ट्‌झ उतरले की वेग उतरतो. मीडियम व्होल्टेजचा ड्राइव्ह ३.३, ६.६ किंवा ११ हजार व्होल्टच्या मोटरींसाठी असतो. अशा मोटरी सिमेंट कारखान्यांत किंवा शहराच्या पाणीपुरवठ्याच्या पंपगृहांत दिसतात. आपल्या मोटरी बहुतेक ४१५ व्होल्टच्या, त्यांना साधा लो व्होल्टेज ड्राइव्ह पुरतो. कारखान्यात येणारी लाइन ११ हजारांची आहे म्हणून ड्राइव्हही तसलाच हवा, असे कोणी सांगितल्यास ऐकू नये. मधे ट्रान्सफॉर्मर आहे.

खरी बचत पंख्यात आणि पंपात. वेग ८० टक्क्यांवर आणला की ताकद ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे सुमारे ५१ टक्केच लागते. बॉयलरचा पंखा पुऱ्या वेगाने फिरवायचा आणि झडप अर्धी बंद ठेवायची, हा उघड इस्राफ आहे. मात्र पाणी उंच टाकीत चढवणाऱ्या पंपाला हा हिशेब पुरता लागू पडत नाही, कारण उंची कमी होत नाही. मागाला तर नाहीच. वेग कमी केला तर कापडही कमी निघेल.

शिवाय ड्राइव्ह स्वतः वीज खातो. १००० किलोवॉटच्या ड्राइव्हमध्ये साडेतीन टक्के गेले धरले तर ३५ किलोवॉटची उष्णता खोलीत, आणि ती काढायला वेगळा खर्च. रात्रंदिवस पुऱ्या वेगाने चालणाऱ्या मोटरला ड्राइव्ह लावणे म्हणजे तोटाच. रुई उडते तिथे पॅनेल ठेवू नये, पंखे व जाळ्या बुजतात. जुनी, रिवाइंड केलेली मोटर असेल तर तिचे इन्सुलेशन ड्राइव्हचे झटके सोसेल का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

आता पैशाची बाब. बँकेचे कर्ज म्हटले की व्याज आले. सबब काही विक्रेते ‘बचतीत वाटा द्या, माल आम्ही लावतो’ असा सौदा मांडतात. ऐकायला ही भागीदारी वाटते. जायज-नाजायज आलिमांना विचारावे. हिशेबापुरते आम्ही सांगतो. ड्राइव्ह लागण्यापूर्वी त्या एकाच मोटरवर वेगळे मीटर बसवा. महिनाभराचे युनिट आणि त्या महिन्यात निघालेला माल, दोन्ही लिहून दोघांच्या सह्या घ्या. नाहीतर मंदीत एक पाळी बंद पडते, बिल आपोआप उतरते आणि विक्रेता त्या उतरलेल्या बिलातही आपला वाटा मागतो.